शाईच्या शिंगाचे भांडण : इंग्रजीच्या 'खुल्या मनाची' दंतकथा

१/ थ्रेड. मराठीतील परकीय शब्दांचा वाद दर दोन-चार महिन्यांनी येथे पेटतो, आणि पेटला की एक वाक्य हमखास फिरू लागते : "इंग्रजीने जगभरचे शब्द खुल्या मनाने घेतले म्हणून ती जगाची भाषा झाली, तुम्ही मराठी लोक मात्र सोवळे नेसून बसलात." हे वाक्य इतिहास म्हणून सांगितले जाते आणि शेकड्यांनी पुढे पाठवले जाते. तो इतिहास नव्हे. सोळाव्या शतकातील इंग्लंडात परक्या शब्दांवरून जे रण माजले त्याचे पुरावे छापील ग्रंथांत आहेत, आणि ते चाळणाऱ्यास 'खुल्या मनाचा' मागमूस लागत नाही.

२/ तेवढेच असते तर हा थ्रेड तीन ओळींत संपला असता. पण प्रतिपक्षही याच इतिहासाचा दाखला उलट बाजूने देतो : "पाहा, इंग्रजांनीही भाषाशुद्धी केलीच होती." तेही अर्धसत्य आहे, आणि माझ्या मते अधिक फसवे. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

३/ आधी नाव. त्या काळी इंग्लंडात शाई बाळगण्यासाठी जनावराच्या शिंगाची लहान दौत वापरीत. तिला 'इंकहॉर्न' म्हणत. लॅटिन वा ग्रीकमधून उचललेल्या जड शब्दांना विरोधकांनी 'इंकहॉर्न टर्म्स' असे हिणवले. म्हणजे शाईच्या शिंगातून निघालेले, लोकांच्या जिभेवर कधीही न बसलेले शब्द. आपल्या 'पुस्तकी' या विशेषणात जो टोमणा आहे तोच हा. (जाता जाता : 'दौत' हा शब्दही मुळात अरबी 'दवात'. सोवळे कोठवर पाळणार!)

४/ हे शब्द आले कोठून आणि का? १४७६ मध्ये कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला. पुढील शंभर वर्षांत ग्रीक-लॅटिन ग्रंथांची इंग्रजी भाषांतरे होऊ लागली. १५४९ मध्ये चर्चमधील प्रार्थना इंग्रजीत आली. वैद्यक, भूगोल, तर्क, युद्धशास्त्र हे सारे विषय तोवर लॅटिनची जहागीर होते. ते इंग्रजीत आणायचे तर शब्द हवे होते, आणि शेतकऱ्याच्या व खलाशाच्या इंग्रजीत ते तयार नव्हते.

५/ सर टॉमस एलियट याने १५३१ मध्ये 'द बोक नेम्ड द गव्हर्नर' हा राज्यकर्त्यांच्या शिक्षणावरचा ग्रंथ इंग्रजीत लिहिला. आज इंग्लिश शाळेतील मूलही वापरते तो 'मॅच्युरिटी' हा शब्द एलियटला नवा आणि अपरिचित म्हणून वाचकापुढे ठेवावा लागला. 'मॉडेस्टी' हा गुण इंग्रजी भाषेला ठाऊक नाही, असेही तो सांगतो. (त्यावर इंग्रजांच्या राज्याचा अनुभव घेतलेले आपण मिश्किल हसू शकतो; पण तो बोलतो आहे शब्दाविषयी.)

६/ एलियटची एक सवय मात्र ध्यानात ठेवा, तिच्याकडे शेवटी परत यायचे आहे. नवा शब्द तो एकटा सोडीत नाही. 'ॲनिमेट' म्हटले की लगेच 'अथवा धीर देणे' अशा अर्थाचा साधा इंग्रजी पर्याय जोडतो. परका पाहुणा आणि घरचा माणूस एकाच पाटावर बसवतो. ज्याला लॅटिन येत नाही त्याचे अडू नये, हा त्यामागचा हेतू.

७/ सगळेच एलियट नव्हते. पुष्कळांना लॅटिनचा केवळ दिमाख हवा होता. त्यांची रेवडी उडवली टॉमस विल्सनने, 'द आर्ट ऑफ रेटोरिक' या १५५३ च्या ग्रंथात. त्यात एक पत्र आहे : लिंकनशरचा कोणी एक गृहस्थ चर्चमधील रिकामी जागा मिळावी म्हणून वरिष्ठाला विनवतो आहे, आणि विनवणी इतकी लॅटिनमय आहे की धड अर्थ लागत नाही. 'अवदीय अनुग्रहप्रार्थी' छापाचे अर्ज ज्यांनी वाचले आहेत त्यांना तो सूर तत्काळ ओळखू येईल.

८/ आता गंमत पाहा. त्या पत्रात विल्सनने हास्यास्पद म्हणून जे शब्द कोंबले त्यांत 'ऑब्टेस्टेट' म्हणजे साक्षी ठेवून विनवणे, 'इन्जेन्ट' म्हणजे प्रचंड, 'कन्टिग्युएट' म्हणजे लगतचे, आणि 'स्प्लेन्डिडियस' हे आहेत. हे सारे मेले. पण त्याच पत्रात 'सेलिब्रेट', 'डेक्स्टेरिटी', 'कपॅसिटी', 'मंडेन', 'एक्स्टॉल' हेही आहेत! ज्या शब्दांवर १५५३ मध्ये हशा पिकावा अशी अपेक्षा होती त्यांतील निम्मेअधिक आज कोणाला खटकतही नाहीत. वाढदिवस 'सेलिब्रेट' करणारे आपण विल्सनच्या विनोदाचे बळी आहोत.

९/ 'डेक्स्टेरिटी' या शब्दाचे मूळही पाहण्यासारखे आहे. लॅटिन 'डेक्स्टर' म्हणजे उजवा. उजव्या हाताची सफाई ती डेक्स्टेरिटी. डावा तो 'सिनिस्टर', आणि त्याचा अर्थ इंग्रजीत अशुभ, कपटी असा झाला. आपल्या 'उजवा-डावा' या जोडीतही, 'हा त्याहून उजवा' म्हणताना, तोच पक्षपात आहे. 'मंडेन' लॅटिन 'मुंदुस' म्हणजे जग यावरून, ऐहिक, प्रापंचिक. पुढे त्याचा अर्थ 'रटाळ' इतका घसरला.

१०/ विल्सन निदान हसत तरी होता. सर जॉन चीक गंभीर होता. केंब्रिजचा ग्रीकचा प्राध्यापक, सहाव्या एडवर्डचा गुरू, आपल्या पिढीतला अग्रगण्य पंडित. १५५७ च्या जुलैत त्याने टॉमस होबी यास पत्र लिहिले; होबीने केलेल्या 'द कोर्टियर' या इटालियन ग्रंथाच्या भाषांतरासोबत ते १५६१ मध्ये छापले गेले. तोवर चीक मरून चार वर्षे झाली होती. पत्रातील मुद्दा असा की आपली भाषा निर्भेळ लिहावी. सतत उसने घेऊन कधीच न फेडणाऱ्याचे जे होते ते भाषेचे होईल, म्हणजे दिवाळे निघेल.

११/ आता चीकने वापरलेले शब्द तपासा. निर्भेळ या अर्थी त्याने लिहिलेला 'प्युअर' हा फ्रेंचमार्गे आलेला लॅटिन शब्द. दिवाळखोर या अर्थी योजलेला 'बँक्रप्ट' मुळात इटालियन 'बांका रोत्ता', म्हणजे मोडलेला बाक. सावकाराचा पेढीवरचा बाक मोडला की धंदा बसला. शुद्धीचा जाहीरनामा लिहिण्यासाठी इंग्रजीतल्या या महापंडिताला उसनेच घ्यावे लागले. आणि यात त्याची फजिती आहे असे मला वाटत नाही. ते शब्द तोवर घरचे झाले होते, म्हणून त्याला जाणवलेही नाहीत.

१२/ चीक नुसता बोलत नव्हता. मत्तयकृत शुभवर्तमानाचे भाषांतर त्याने आपल्या तत्त्वाने करून पाहिले. रोमन सैन्यातील शंभरांचा नायक जो 'सेंचुरियन', त्याला त्याने 'हंड्रेडर' केले. 'लुनॅटिक' म्हणजे चंद्राने बाधलेला, वेडा, त्याचे 'मून्ड'. 'रिझरेक्शन' या पुनरुत्थानाचे 'गेनरायझिंग'. 'क्रुसिफाइड'चे 'क्रॉस्ड'. दृष्टान्तकथेचे 'बायवर्ड'. हे सारे शब्द जर्मानिक वळणाचे, ठसठशीत, कोणाही गवंड्याला कळतील असे. ते हस्तलिखित छापले गेले थेट १८४३ मध्ये. तोवर त्यांच्यासाठी उघडे असलेले दार केव्हाच बंद झाले होते.

१३/ राल्फ लीव्हर त्याच्याही पुढे गेला. १५७३ मध्ये त्याने तर्कशास्त्रावर पुस्तक लिहिले आणि 'लॉजिक' या ग्रीक शब्दाऐवजी विषयाचे नावच 'विटक्राफ्ट' ठेवले. निष्कर्षाला 'एंडसे', आधारविधानांना 'फोरसेज', व्याख्येला 'सेव्हॉट'. या शब्दांवर आज लोक हसतात. मला ते हसू पटत नाही. 'सेव्हॉट' हा 'काय ते सांग' या अर्थाचा शब्द लॅटिन 'डेफिनिशन'हून कुठल्या दृष्टीने कमी? ते हरले, कारण विद्यापीठांत तर्कशास्त्र शिकवणारे आधीपासून लॅटिन संज्ञांतच विचार करीत होते. शब्दाच्या गुणापेक्षा त्याच्यामागे उभ्या असलेल्या संस्थेने निकाल लावला.

१४/ तिसरा पक्ष म्हणाला, परदेशात कशाला जाता, आपल्याच जुन्या कवींकडे जा. एडमंड स्पेन्सरने १५७९ च्या 'शेफर्ड्स कॅलेंडर'मध्ये चॉसरच्या काळचे शब्द मुद्दाम घातले, इतके की सोबत टिपा छापाव्या लागल्या. या मार्गाचे उत्तम स्मारक म्हणजे 'डेरिंग-डू' हा पराक्रमवाचक साहित्यिक शब्द. चॉसरला एवढेच म्हणायचे होते की अमुक वीर 'करण्यास धजावण्यात' कमी नव्हता. पुढे लिडगेटच्या छापील प्रतीत अक्षरे बदलली, स्पेन्सरने त्या शब्दजोडीला नाम समजून घेतले, टीपकाराने त्याचा अर्थ 'पौरुष आणि शौर्य' असा दिला, आणि वॉल्टर स्कॉटने 'आयव्हॅनहो'मध्ये तो वापरून अमर केला. शुद्ध, प्राचीन, देशी म्हणून मिरवणारा हा शब्द चुकीच्या वाचनातून जन्मला.

१५/ चुका दोन्ही पक्षांच्या. लॅटिनप्रेमींनी तर शब्दांच्या अंगावर खोटे दागिने चढवले. 'डेट' म्हणजे कर्ज. हा शब्द फ्रेंचमधून 'बी' अक्षराविना आला होता आणि तसाच लिहिला जात होता. पंडितांनी लॅटिन 'डेबितुम'ची आठवण म्हणून त्यात 'बी' घुसवला, जो आजतागायत कोणी उच्चारीत नाही. 'आयलंड'मधला मुका 'एस' असाच. लॅटिन 'इन्सुला'शी नाते आहे असे समजून घातलेला, वास्तविक शब्द अस्सल जुन्या इंग्रजीतला. स्पेलिंगसाठी छडी खाल्लेल्या प्रत्येक मराठी मुलाने हे वाचून थोडा सात्त्विक संताप करून घ्यावा.

१६/ शेक्सपिअरने हे सारे पाहिले आणि 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट'मध्ये होलोफर्नीस नावाचा शाळामास्तर उभा केला. 'डेट'मधला 'बी' न उच्चारणाऱ्यांवर तो भडकतो. 'अबॉमिनेबल' या शब्दात 'एच' हवाच असा त्याचा हट्ट आहे, कारण तेव्हाच्या विद्वानांना तो लॅटिन 'अब होमिने', म्हणजे 'माणुसकीपासून दूर', यावरून आला असे वाटे. तो आला 'ओमेन' म्हणजे शकुन यावरून : अपशकुनासारखा टाळण्याजोगा. म्हणजे मास्तर ज्या एका अक्षरासाठी जीव टाकतो तेच चूक. याच नाटकात विदूषकाच्या तोंडी 'ऑनोरिफिकॅबिलिट्यूडिनिटॅटिबस' हा सत्तावीस अक्षरांचा राक्षस आहे, जो 'दुर्मीळ इंग्रजी शब्द' या याद्यांत आज गंभीर चेहऱ्याने फिरतो. तो थट्टेसाठी होता हे यादी करणाऱ्यांना कोणी सांगावे?

१७/ आणि १६०१ मध्ये बेन जॉन्सनने कळस केला. 'पोएटॅस्टर' या नाटकात क्रिस्पिनस नावाच्या कवीला वमनाची गोळी दिली जाते आणि सम्राट ऑगस्टसच्या दरबारात, पात्र समोर धरून, तो एकेक शब्द ओकतो. रोख समकालीन नाटककार जॉन मार्स्टनवर होता. कल्पना जुनी, ग्रीक लेखक लुसियनची.

१८/ काय काय बाहेर पडते? 'ऑब्लाट्रंट' म्हणजे भुंकणारा. 'फ्युरिबंड' म्हणजे क्रोधाने बेभान. 'व्हेन्टॉसिटी' म्हणजे वाऱ्याने फुगलेपण. 'टर्जिडस', 'लुब्रिकल', 'ग्लिबरी'. हे गेले, काहींबद्दल मला खरोखर हळहळ वाटते, 'ऑब्लाट्रंट'वाचून समाजमाध्यमांचे वर्णन अपुरे राहते. पण त्याच पात्रात 'डिफन्क्ट', 'स्ट्रेन्युअस', 'स्प्युरियस', 'रेसिप्रोकल', 'रेट्रोग्रेड' आहेत, आणि 'कॉन्शस'ही आहे! जाणीव या अर्थाच्या ज्या शब्दाशिवाय आज मानसशास्त्राचे पान हलत नाही तो इंग्रजीतल्या श्रेष्ठ नाटककारांपैकी एकाला ओकारी वाटला होता.

१९/ येथे थांबून 'खुल्या मनाने' हे दोन शब्द पुन्हा वाचा.

२०/ बरे, कोण जगला आणि कोण मेला याला काही नियम? मला दिसत नाही. 'इम्पीड' म्हणजे अडवणे राहिला, त्याचा जुळा भाऊ 'एक्सपीड' गेला. 'ट्रान्समिट' राहिला, 'डिमिट' व्यवहारातून उठला. 'डिसअग्री' टिकला, 'डिसअक्वेंट' नाही. अर्थ स्पष्ट, घडण सारखी, गरज सारखी. तरी एकाच्या नशिबी कोश आणि दुसऱ्याच्या नशिबी कबर. "अमुक शब्द कधीच रुळणार नाही" असे छातीठोक सांगणाऱ्याने ही यादी खिशात ठेवावी.

२१/ १६०४ मध्ये रॉबर्ट कॉड्रीने 'टेबल ॲल्फाबेटिकल' काढले : पहिला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश, सुमारे अडीच हजार शब्दांचा, तोही केवळ कठीण शब्दांचा. कोणासाठी? स्त्रिया आणि ज्यांना लॅटिन शिकण्याची संधी मिळाली नाही असे इतर लोक, हे मुखपृष्ठावरच छापले आहे. प्रस्तावनेत कॉड्रीने विल्सनची इंकहॉर्नविरोधी टीका जवळजवळ जशीच्या तशी उचलली आहे. म्हणजे इंग्रजीच्या पहिल्या कोशाचे दार जड शब्दांच्या निषेधाने उघडते आणि आत जड शब्दांची रांग. पहिल्या आवृत्तीची एकच प्रत आज उरली आहे, ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात.

२२/ त्या मुखपृष्ठातून खरे शल्य कळते. लॅटिन शब्दांनी इंग्रजी समृद्ध झाली हे खरे. पण त्याच शब्दांनी इंग्रज माणसांत भिंतही घातली. ज्याच्या बापाला ग्रामर स्कूलची ऐपत होती त्याला 'मंडेन' कळे, इतरांना विचारावे लागे. चीकचे 'हंड्रेडर' आणि 'मून्ड' आज बालिश वाटतात. परंतु ते या भिंतीवर घातलेले घाव होते. त्याला निव्वळ संकुचित म्हणणारे लोक तो कोणासाठी लिहीत होता हे विसरतात.

२३/ आता आपल्याकडे. आपले शुद्धिवादी स्वतःला चीकच्या पंगतीत बसवतात. मला ते मान्य नाही. फारसी वा इंग्रजी शब्द काढून त्याजागी संस्कृत शब्द घडवणे हे रूपाने चीकपेक्षा एलियटच्या जवळचे आहे, आणि बिघडले तर लिंकनशरच्या त्या अर्जदाराच्या. (संस्कृत मराठीची पूर्वज आहे, लॅटिन इंग्रजीची नाही, हा भेद मोठा आहे, मी तो नाकारीत नाही. पण 'अनुज्ञप्ती' वाचून गोंधळलेल्या रिक्षाचालकाला या भेदाने काय दिलासा मिळणार?) चीकचा खरा मराठी वारस तो, जो संस्कृतही टाळून ठेठ मराठीतून शब्द घडवील. असे किती आहेत?

२४/ तरीही शिवकालीन 'राज्यव्यवहारकोशा'ची टिंगल करणाऱ्यांनी सबूर करावी. राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांना संस्कृत पदनामे मिळाली. सरनौबताचा 'सेनापती' झाला, तो टिकला. डबीराचा 'सुमंत' झाला; आज तो मुख्यतः आडनावात भेटतो. पेशव्याचा 'पंतप्रधान' झाला, पण लोक पुढली दीडशे वर्षे पेशवाच म्हणत राहिले. हरलेला शब्द म्हणून आपण त्याची नोंद केली असती. तोच आज दिल्लीतील पदासाठी प्रत्येक मराठी वृत्तपत्रात रोज छापला जातो. सावरकरांनी रूढ केलेला 'दिनांक' अर्जावर नांदतो, अरबी 'तारीख' तोंडात नांदते, आणि कोर्टाची 'तारीख' मागून 'दिनांक' कोणी घेत नाही. दोघांना आपापली घरे मिळाली.

२५/ म्हणून 'खुल्या मना'च्या मित्रांना माझा खरा आक्षेप वेगळा आहे. एलियट, विल्सन, चीक, लीव्हर हे परस्परांशी कडाडून भांडले, पण भांडले इंग्रजीत लिहिण्यासाठी. या सर्वांना लॅटिन उत्तम येत होते. रॉजर ॲस्कमने १५४५ मध्ये धनुर्विद्येवर 'टॉक्सोफिलस' लिहिले तेव्हा लॅटिन किंवा ग्रीकमध्ये लिहिणे मला अधिक सोयीचे गेले असते, असे त्याने प्रस्तावनेत स्पष्ट नोंदवले आणि तरी इंग्रजीत लिहिले. ज्या भाषेत प्रतिष्ठा होती, वाचक युरोपभर होता, ती बाजूला ठेवून त्यांनी एका बेटावरच्या, बाहेर कोणी न शिकणाऱ्या भाषेत विज्ञान आणि तर्क आणला. उसने शब्द हे त्या उद्योगाचे सरपण होते.

२६/ आपल्याकडे उलटे चालले आहे. विषय इंग्रजीतच शिकायचा, इंग्रजीतच लिहायचा, आणि मराठी बोलताना त्यातले चार शब्द वर भुरभुरायचे. मग त्याला 'इंग्रजीसारखे उदार होणे' म्हणायचे. एलियटने लॅटिनमध्ये ग्रंथ लिहून इंग्रजीत फक्त गप्पा मारल्या असत्या तर 'मॅच्युरिटी' इंग्रजीत आलाच नसता.

२७/ रिचर्ड मल्कास्टर हा लंडनच्या मर्चंट टेलर्स शाळेचा मुख्याध्यापक. १५८२ च्या 'एलेमेंटरी'त त्याने परक्या शब्दांविषयी एक शब्द योजला : 'एन्फ्रँचाइज्ड', नागरिकत्व दिलेले. ज्याने येथे वस्ती केली त्याने येथील कायदे पाळावेत, इंग्रजीच्या रीतीने लिहिले जावे, वळावे. या कसोटीवर मराठीतला 'टेबल' कधीच नागरिक झाला आहे : टेबलावर, टेबलाखाली, टेबले. 'मी प्रोजेक्ट्स कम्प्लीट केले' यातला अनेकवचनी 'एस' मात्र अजून परदेशी पारपत्रावर फिरतो आहे. मल्कास्टरने असा शब्द सीमेवर अडवून आधी मराठी प्रत्यय लावून ये म्हणून सांगितले असते.

२८/ प्रतिसादांत "मग तुम्ही 'थ्रेड' का म्हणता, धागा का नाही?" असे विचारले जाईल, म्हणून आधीच सांगतो : दोन्ही म्हणतो. एलियटची सवय लावून घेतली आहे. थ्रेड अथवा धागा, ज्याला जो कळेल तो घ्यावा. पुढच्या धाग्यात हेन्री कॉकरमच्या १६२३ च्या कोशाबद्दल लिहीन. त्याच्या एका भागात साधे शब्द देऊन त्यांना भारदस्त पर्याय सुचवले आहेत, म्हणजे गरजूंना इंकहॉर्न घरपोच.